झिरो झाली म्हणजे सराव झाला नाही

ऑक्टोबर उजाडला की ओळखीतल्या एकाचा तरी मेसेज येतो. सोबत फोटो असतो: कागदी लक्ष्यावर बंदुकीच्या गोळ्यांची तीन भोकं, पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ. खाली मजकूर: "सराव झाला. आता थेट हंगामात!" मी अंगठा दाखवून मोकळा होतो. मग जानेवारीत तोच माणूस फोन करतो आणि बार फुसका कसा गेला, गोळी हरणाच्या पोटाखालून कशी गेली, याचं रडगाणं तासभर ऐकवतो. यंदा फोन यायच्या आधीच लिहून टाकतो.

आधी जागा सांगतो. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनंतर शिकारीचा हंगाम ही गोष्टच उरली नाही. त्यामुळे ठासणीची बंदूक म्हटलं की आपल्याला कोकणातल्या जुन्या घरात खुंटीला टांगलेली, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक आठवते. मी राहतो पेन्सिल्व्हेनियात. इथे नाताळ उलटला की पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी वेगळा हंगाम लागतो आणि त्यात ठासणीची, तीही फक्त चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी बंदूक चालते. बार उडवणारी स्फोटक टोपी नाही, दुर्बीण नाही; नेम धरायला नळीच्या टोकाची माशी, मागची खाच, आणि गारगोटी. १९७४पासून हा प्रकार चालू आहे. अठराव्या शतकात लँकेस्टर परगण्यातल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली, त्या मुलखाला हा हट्ट शोभतोही. ऑक्टोबरात मादी हरणांसाठी एक आठवडा असतो, त्यात दुर्बीण लावलेली, प्रायमरवर, म्हणजे आधुनिक स्फोटक टोपीवर उडणारी इनलाइन, म्हणजे नव्या बांधणीची बंदूकही चालते. ती तोंडातून भरतात, म्हणून ठासणीची म्हणायची इतकंच. मला ती मोटार बसवलेली बैलगाडी वाटते.

झिरो करणं म्हणजे नेम आणि गोळी जुळवणं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बाकावर वाळूची पिशवी, तिच्यावर बंदूक, ५० यार्डांवर कागद. भोकांचा पुंजका कुठे पडतो ते बघायचं आणि खाच सरकवायची: गोळी जिकडे न्यायची, तिकडे खाच. संपलं. कॅलिबर .५० की .५४, दारू ७० ग्रेन की ८०, गोळीभोवतीच्या चिंधीला मेण की तेल, यावर रात्र जागवणाऱ्यांना जागू द्या. बंदूक बनवणाऱ्याने घालून दिलेल्या मर्यादेत जे तुमच्या नळीला मानवेल, ते खरं. फक्त ग्रेनला ग्रॅम लिहू नका, हात जोडतो. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन बसतात. ७० ग्रॅम दारू ठासली तर ती बंदूक राहत नाही, बॉम्ब होतो.

आता मुद्दा. झिरो करताना आपण बंदुकीला विचारतो, "गोळी कुठे जाते?" पण कुठली गोळी? फोटोतली ती तीन भोकं सहसा चौथ्या, पाचव्या, सहाव्या गोळीची असतात. रानात मारायची असते ती पहिली. आधुनिक रायफलीवर हा फरक बहुतेकदा पोटात घालता येतो, ठासणीच्या बंदुकीवर नाही.

कारण काळी दारू. ती जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. थोडा पांढरा धूर होऊन उडतो, उरलेला काजळी होऊन नळीत बसतो. पहिली गोळी जाते ती स्वच्छ, थंड नळीतून. दुसरी जाते खरबरीत पापुद्र्यावरून. तिथे चिंधी वेगळी पकडते, दाब वेगळा चढतो, वेग वेगळा पडतो. दोन गोळ्यांच्या मधे ओली चिंधी फिरवून नळी पुसली, तर तिसरीच अवस्था: धड स्वच्छ नाही, धड घाण नाही. बाकावर बसून आपण बहुधा या तिसऱ्या अवस्थेचा झिरो लावतो आणि रानात पहिल्या अवस्थेतली बंदूक घेऊन जातो. माझ्या रायफलीची पहिली गोळी पुंजक्याच्या तीन इंच खाली पडते. शेजारच्या काकांची वर जाते. याला नियम नाही, ज्याने त्याने आपल्या नळीला विचारायचं.

त्यात तेलाची भर. उन्हाळाभर नळीला गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते कोरड्या चिंधीने नीट टिपून घेतलं नाही तर पहिली गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि तेल ओघळून कानापाशी, म्हणजे जाळ आत जायच्या भोकापाशी, साचलं तर बारच निघत नाही. (तोफांच्या कानात खिळे ठोकल्याच्या बखरीतल्या हकिकती आठवा. तोच तो कान. तिथे खिळा लागायचा, इथे तेलाचा थेंब पुरतो.)

"मग एक बार हवेत काढून नळी आधीच काजळून घ्यावी," असं सुचवणारा एक जण हमखास भेटतो. काढा की. पण ती काजळी हवेतला ओलावा ओढून घेते, आणि इथला डिसेंबर म्हणजे अर्धा पाऊस, अर्धा बर्फ. दुपारपर्यंत आतल्या दारूला ओल लागलेली असते. माझं मत पक्कं आहे: स्वच्छ, कोरड्या नळीनेच रानात जायचं आणि झिरोसुद्धा तिच्याच पहिल्या गोळीवर लावायचा.

हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. पहिल्या वर्षी मी सप्टेंबरच्या कोवळ्या उन्हात चाळीस-पन्नास गोळ्या मारल्या होत्या. दर वेळी कानाबाहेरच्या प्याल्यात ताजी रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी चिमूटभर दारू, आणि लगेच बार. डिसेंबरात सकाळभर भुरभुर पावसात ओकच्या बुंध्याशी बसलो. अकराच्या सुमाराला हरीण आलं, तीस पावलांवर उभं राहिलं, आडवं. चाप ओढला. गारगोटी पोलादावर आपटल्याचा खट्ट आवाज, बस्स. ठिणगी पडली असेलही, रंजकेने काही ती घेतली नाही. हरणाने कान टवकारून माझ्याकडे पाहिलं आणि चालत, हो, चालत निघून गेलं. काही वेळाने बघतो तर प्याल्यात काळा चिखल. बोटाला काजळासारखा लागला.

बाकावर मी तासभर भरलेली बंदूक घेऊन कधी बसलोच नव्हतो. गारगोटीची धार, ती जिच्यावर आपटते त्या प्याल्यावरच्या झडपेचा पोलादी तोंडवळा आणि प्याला कोरड्या फडक्याने पुसायचा, कानात टाचणी फिरवायची, रंजक बदलायची, हे हातमोजे घालून, नळी सुरक्षित दिशेला धरून, दर अर्ध्या तासाने करायचं असतं, हेच डोक्यात नव्हतं. आता मी ते रिकाम्या बंदुकीवर, रंजकेशिवाय, घरच्या ओसरीत थंडीत बसून गिरवतो. बायको म्हणते, जपाला बसला आहेस का.

दुसरा सराव डोळ्यांचा. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर आधी डोळ्यासमोर रंजक भडकते, मग कानातून जाळ आत जातो आणि मग बार निघतो. मधला काळ निमिषाचाच, पण तेवढ्यात माणूस दचकून मान उचलतो आणि गोळी भलतीकडे जाते. इनलाइनवरून आलेले हमखास इथे सापडतात, आणि दोष खाचेला देऊन ती पुन्हा सरकवत बसतात. इलाज स्वस्त आहे: लाकडाचा तुकडा गारगोटीच्या आकाराचा तासून गारगोटी धरणाऱ्या घोड्याच्या जबड्यात धरायचा, बंदूक रिकामी असल्याची नळीत ठासणीचा गज घालून खात्री करायची आणि भिंतीवरच्या ठिपक्यावर रोज वीसदा चाप ओढायचा. खट्ट झाल्यावर मनात "एक, दोन" म्हणेपर्यंत माशी ठिपक्यावरून हलता कामा नये. जाडा कोट घालूनच करा, कारण कोटाने दस्ता खांद्यापासून पुढे येतो आणि गाल नेहमीच्या जागी बसत नाही.

दोन गोष्टी सरावाच्या नाहीत, जिवाच्या आहेत. गजावर दोन खुणा हव्यात, रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची. गोळी दारूला टेकलेली नसेल, मधे पोकळी राहिली असेल, तर नळी फुगू शकते, फाटू शकते. आणि रंजक उडाली पण बार निघाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून पूर्ण एक मिनिट थांबायचं. आत निखारा धुमसत असू शकतो. फुसका बार आणि उशिराचा बार यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. बिनधुराची आधुनिक दारू या नळीत कधीच नाही, चिमूटभरही नाही. काळ्या दारूला पर्याय म्हणून मिळतात त्या पुड्याही चकमकीला नकोत, त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते.

आता माझी पद्धत. सप्टेंबरपासून रेंजवर गेलो की पहिली गोळी कोरड्या, थंड नळीतून, उभ्याने, खांबाला टेकून, ५० यार्डांवरच्या नव्या कागदी ताटलीवर. ताटली साधारण नऊ इंचांची असते, हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून त्याहून थोडा लहानच भाग भरेल. एकच गोळी. मग ताटली उतरवून मागे तारीख आणि हवा लिहायची. त्यानंतर हवा तेवढा धूर करा, तो हिशेबात नाही. हंगामाच्या तोंडावर सगळ्या ताटल्या एकावर एक ठेवून उजेडात धरायच्या. तो खरा पुंजका. फोटो पाठवायचाच असेल तर त्याचा पाठवा.

माझ्या यंदा अकरा ताटल्या झाल्या आहेत. नऊ भोकं तळहातात मावतील अशी आहेत. दोन ताटल्या कोऱ्या आहेत, आणि दोन्हींच्या मागे "पाऊस" असं लिहिलेलं आहे.