आयकर रिटर्न सरकारी पोर्टलवर मोफत कसे भरावे: पात्रता, कागदपत्रे आणि नेहमीच्या अडचणी

पगार किंवा पेन्शन, थोडे बँकेचे व्याज आणि राहते घर एवढेच उत्पन्न असेल, तर रिटर्न भरण्यासाठी कुणालाही एक रुपया द्यायची गरज नाही. आयकर विभागाच्या इन्कमटॅक्स.जीओव्ही.इन या पोर्टलवर रिटर्न भरणे पूर्णपणे मोफत आहे. खासगी साइटवर 'फ्री' लिहिलेले असते, पण शेअरचा नफा किंवा दुसरा फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आला की अनेकदा सशुल्क योजना पुढे येते. तिथून भरलेले रिटर्नही शेवटी याच सरकारी यंत्रणेत जाते.

आधी एक गैरसमज दूर करू. 'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग रिटर्न कशाला?' असे सध्या सर्रास ऐकू येते. आर्थिक वर्ष 2025-26 साठी नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो, तो कलम 87ए च्या सवलतीमुळे. ही सवलत रिटर्नमध्येच मागायची असते. उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर गेले की रिटर्न बंधनकारक आहे आणि नव्या प्रणालीत ही मर्यादा 4 लाख आहे. त्याहून कमी उत्पन्न असले, तरी वर्षभरात वीजबिल 1 लाखाच्या वर गेले, परदेश प्रवासावर 2 लाखांहून जास्त खर्च झाला किंवा 25 हजार रुपये अथवा जास्त टीडीएस (उत्पन्न हातात येण्याआधीच कापलेला कर) कापला गेला (ज्येष्ठांसाठी 50 हजार), तरी रिटर्न भरावेच लागते.

कोणता फॉर्म?

बहुतेकांना आयटीआर-1, म्हणजे 'सहज', पुरतो. भारतातील रहिवासी व्यक्ती, एकूण उत्पन्न 50 लाखांपर्यंत, शेतीचे उत्पन्न 5 हजारांपर्यंत, ही त्याची चौकट. आकारणी वर्ष 2025-26 पासून (म्हणजे आर्थिक वर्ष 2024-25 च्या उत्पन्नापासून) सूचिबद्ध शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडांवरचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफाही याच फॉर्ममध्ये दाखवता येतो. शेअरवर अल्पकालीन नफा झाला असेल, कंपनीत संचालक असाल, परदेशात मालमत्ता असेल किंवा लॉटरी लागली असेल, तर आयटीआर-2 घ्यावा. परदेशी स्थायिक असलेल्या अनिवासी भारतीयांनाही 'सहज' चालत नाही. गोव्यातल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे: तिथल्या पोर्तुगीज नागरी कायद्याखाली येणाऱ्या जोडप्यांचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न कलम 5ए प्रमाणे पती-पत्नीत निम्मे विभागले जाते, त्यामुळे त्यांना आयटीआर-1 घेता येत नाही. आयटीआर-2 सुद्धा त्याच पोर्टलवर मोफतच आहे, फक्त रकाने जास्त.

हाताशी काय ठेवावे

आधारशी जोडलेले पॅन, आधारला जोडलेला चालू मोबाइल, फॉर्म १६ (मालकाने तो साधारण 15 जूनपर्यंत द्यायचा असतो), बँकांची व्याजाची प्रमाणपत्रे आणि गृहकर्ज असेल तर व्याजाचा दाखला. रिटर्नला एकही कागद जोडायचा नसतो, पण जुन्या प्रणालीत वजावटी घेणाऱ्यांना आता विमा पॉलिसीचा क्रमांक, कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव, कर्ज खात्याचा क्रमांक असे तपशील भरावे लागतात. म्हणून पावत्या समोर हव्यातच.

खरे काम मात्र फॉर्म उघडण्याआधीचे आहे. पोर्टलवरून फॉर्म 26एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, दोन्ही उतरवून घ्या. 26एएसमध्ये तुमच्या पॅनवर जमा झालेला टीडीएस दिसतो. एआयएसमध्ये व्याज, लाभांश, शेअर-फंडांची विक्री हे सगळे दिसते. फॉर्म १६ मधला टीडीएस 26एएसशी जुळत नसेल, तर आधी ऑफिसच्या अकाउंट्स विभागाकडून दुरुस्ती करून घ्या. न जुळलेल्या टीडीएसचे श्रेय मिळत नाही आणि कराची मागणी येते. एआयएसमधली नोंद चुकीची असेल, एकच व्यवहार दोनदा आला असेल, तर तिथेच 'फीडबॅक' नोंदवता येतो. उलटी चूकही होते. पतसंस्थेतल्या ठेवीचे व्याज एआयएसमध्ये दिसले नाही, तरी ते करपात्र उत्पन्नच आहे आणि हाताने भरावे लागते.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल, तर दोन्ही फॉर्म १६ घ्या. दोन्ही मालकांनी प्रमाणित वजावट आणि स्लॅबचा फायदा वेगवेगळा दिलेला असतो, त्यामुळे बेरीज केल्यावर कर भरायचा निघतो. आणि मागील वर्षांच्या पगाराची थकबाकी मिळाली म्हणून कलम 89 ची सवलत घेणार असाल, तर रिटर्नच्या आधी फॉर्म 10ई ऑनलाइन भरा. तो राहिला की सवलत नाकारली जाते. शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांकडून हे फार वेळा राहून जाते.

भरण्याची पद्धत

पॅन हाच यूजर आयडी. लॉगिन करून 'ई-फाइल', त्यात 'इन्कम टॅक्स रिटर्न्स', मग 'फाइल इन्कम टॅक्स रिटर्न'. आकारणी वर्ष नेहमी आर्थिक वर्षाच्या पुढचे: 2025-26 च्या उत्पन्नासाठी 2026-27. 'ऑनलाइन' पर्याय, 'इंडिव्हिज्युअल' आणि फॉर्म निवडला की बरीच माहिती आधीच भरलेली दिसते. वैयक्तिक माहिती, एकूण उत्पन्न, वजावटी, भरलेला कर आणि देय कर असे भाग एकेक करून तपासून 'कन्फर्म' करायचे.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्याच भागात होतो. नव्या करप्रणालीतून बाहेर पडायचे आहे का, असा तो प्रश्न आहे. 'येस' म्हणजे जुनी प्रणाली, 'नो' म्हणजे नवी. घाईत लोक उलटे उत्तर देतात आणि 80सी (पीएफ, विमा यांसारखी बचत) आणि 80डी (आरोग्यविमा) च्या वजावटी गायब झाल्या म्हणून गोंधळतात. दोन्हींकडचा कर पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरवर आधी काढून पाहा. महाराष्ट्रात वर्षाला कापला जाणारा 2,500 रुपयांचा व्यवसाय कर फक्त जुन्या प्रणालीत वजा होतो. प्रमाणित वजावट जुन्यात 50 हजार, नव्यात 75 हजार. पगारदारांना दरवर्षी निवड बदलता येते, पण जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावे लागते.

कर निघाला तर 'ई-पे टॅक्स'मधून भरा. तिथे आकारणी वर्ष चुकीचे निवडले, तर पैसे भरूनही रिटर्नमध्ये दिसत नाहीत. चलनावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), चलन क्रमांक आणि तारीख जपून ठेवा.

नेहमीची मुदत 31 जुलै. 2025 मध्ये ती वाढत वाढत 16 सप्टेंबरपर्यंत गेली, पण दरवर्षी तसे होईल असे धरू नका. उशीर झाला तर 5 हजार रुपये शुल्क, 5 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला 1 हजार.

'सबमिट' केले म्हणजे काम संपले असे नाही. 30 दिवसांत ई-व्हेरिफाय केले नाही, तर पडताळणीची तारीखच भरल्याची तारीख धरली जाते आणि ते उशिराचे रिटर्न ठरू शकते. आधार ओटीपीने हे दोन मिनिटांत होते. मोबाइल आधारला जोडलेला नसेल, तर पडताळलेल्या बँक खात्यातून कोड घेता येतो किंवा सही केलेली आयटीआर-व्ही पावती बेंगळुरूच्या केंद्रात पोस्टाने पाठवता येते.

एजंटकडून भरून घेत असाल तर

पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. त्याचा दिला तर नोटीस त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला कळतही नाही. 'जास्त रिफंड काढून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. राजकीय पक्षांना देणगी, न भरलेले घरभाडे अशा खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवणाऱ्यांविरुद्ध विभागाने जुलै 2025 मध्ये देशभर कारवाई केली. रिटर्न तुमच्या नावावर असते, दंडही तुम्हालाच होतो आणि तो चुकवलेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत जातो.

रिफंड अडकण्याची कारणे बहुधा साधी असतात: खाते पोर्टलवर पडताळलेले नाही, पॅनवरचे आणि खात्यावरचे नाव वेगळे किंवा बँकेच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी कोड टाकायचा राहिला. खाते दुरुस्त करून 'रिफंड री-इश्यू'ची विनंती करा. प्रक्रिया झाल्यावर कलम 143(1) ची सूचना ईमेलवर येते. ती उघडण्याचा पासवर्ड म्हणजे लहान (स्मॉल) इंग्रजी अक्षरांतले पॅन आणि लगेच पुढे आठ अंकी जन्मतारीख. त्यातले आकडे तुमच्या रिटर्नशी ताडून पाहा. फरक दिसला आणि चूक त्यांची असेल, तर पोर्टलवरच दुरुस्तीचा अर्ज करता येतो, तोही मोफत.