त्रिखंडी कादंबरी

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये नवी कादंबरी प्रसिद्ध करण्याची रूढ पद्धत. एकच कथा तीन स्वतंत्र बांधणीच्या खंडांत निघे. तिन्हींची मिळून किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे दीड गिनी असे.

या पद्धतीचा उगम सर वॉल्टर स्कॉट यांच्या ‘केनिलवर्थ’पासून (१८२१) सांगण्याचा प्रघात आहे. तो किमतीपुरताच खरा मानावा. जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ मध्येच तीन खंडांत, अठरा शिलिंगांना निघाली होती. स्कॉट यांची ‘वेव्हर्ली’ही (१८१४) तीन खंडांचीच, एकवीस शिलिंगांची. ‘केनिलवर्थ’ने दर ठरवून दिला आणि पुढे सुमारे सत्तर वर्षे तो टिकला. काही अभ्यासक अठराव्या शतकातील बहुखंडी कादंबऱ्यांपर्यंत मागे जातात. पण रिचर्डसन यांच्या ‘क्लॅरिसा’चे सात खंड आणि ही ठरीव त्रयी यांचा सरळ संबंध लावणे कठीण आहे.

एवढे महाग पुस्तक विकत घेणारे थोडे. म्हणून खरे गिऱ्हाईक म्हणजे वर्गणीची वाचनालये. चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांनी १८४२ च्या सुमारास लंडनमध्ये सुरू केलेले वाचनालय त्यांत अग्रगण्य. वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येई. त्यामुळे एकाच कादंबरीचे तीन खंड एकाच वेळी तीन घरांत वाचले जात. डार्विन यांच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्या आवृत्तीच्या (१८५९) सुमारे १,२५० प्रतींपैकी ५०० म्यूडींनी घेतल्या, यावरून नव्या विचारांच्या प्रसारातही या वाचनालयाचा वाटा ध्यानात यावा.

लेखनावर याचा परिणाम खोल झाला. तीन खंड भरायचे म्हणून उपकथानके वाढत. एमिली ब्राँटे यांची ‘वुदरिंग हाइट्स’ (१८४७) दोनच खंडांची भरली. तिसरा खंड म्हणून धाकटी बहीण ॲन यांची ‘ॲग्नेस ग्रे’ जोडली गेली. आज ‘वुदरिंग हाइट्स’ एकटी वाचली जाते आणि ही जोडणी विसरली जाते, हे खेदाचे आहे. कुटुंबात मोठ्याने वाचता येणार नाही असे पुस्तक म्यूडी घेत नसत. साहजिकच प्रकाशकही बिचकत. जॉर्ज मूर यांनी ‘अ ममर्स वाइफ’ (१८८५) सहा शिलिंगांच्या एकाच खंडात काढून या पहाऱ्याला वळसा घातला.

जून १८९४ मध्ये म्यूडी व डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन्ही वाचनालयांनी प्रकाशकांना कळवले की खंडाला चार शिलिंगांहून अधिक दिले जाणार नाहीत आणि स्वस्त आवृत्ती वर्षभर काढू नये. प्रकाशकांनी हळूहळू एकखंडी पुस्तकांची वाट धरली. १८९७ पर्यंत ही पद्धत जवळजवळ नामशेष झाली होती.