डच लोक स्वतःला डच म्हणतच नाहीत!

नेदरलँड्सच्या माणसाला त्याच्या भाषेचं नाव विचारलं तर तो 'नेडरलान्ड्स' असं सांगतो, आणि डच या शब्दाचा सख्खा भाऊ म्हणजे त्यांच्या भाषेतला 'डाउट्स', तो ते लोक चक्क जर्मनांसाठी वापरतात. मग आपण यांना डच का म्हणतो? मला हा प्रश्न पडला आणि शोधत गेलो तर फार भारी गोष्ट सापडली.

जुन्या जर्मॅनिक भाषेत (इंग्रजी, जर्मन, डच या सगळ्यांची पूर्वज) 'थेउडो' म्हणजे लोक, जनता. त्यावरून 'थिउडिस्क', म्हणजे लोकांची, चारचौघांची बोली. चर्चची आणि शिकलेल्यांची भाषा लॅटिन, बाकी सगळ्यांची ही. आपल्याकडे संस्कृतसमोर प्राकृत, अगदी तसंच. इ.स. ७८६ मध्ये इंग्लंडमधल्या धर्मसभेचा वृत्तांत पोपला पाठवला गेला, त्यात लिहिलंय की ठराव लॅटिनमध्ये वाचले आणि सगळ्यांना कळावेत म्हणून 'थेओडिस्के' सुद्धा वाचले. या शब्दाची ही सगळ्यात जुनी लेखी नोंद, आणि गंमत बघा, तिथली लोकभाषा म्हणजे जुनी इंग्रजी!

पुढे जर्मनी-नेदरलँड्सकडे 'थ' चा 'ड' झाला. इंग्रजीत थ्री, जर्मनमध्ये ड्राय, डचमध्ये ड्री. तसाच थिउडिस्कचा जर्मनीत 'डॉइच' झाला, जर्मन लोक स्वतःला आणि आपल्या भाषेला हेच म्हणतात. इंग्रजांनी 'डच' हा शब्द समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांकडून उचलला आणि आधी जर्मन आणि डच दोघांनाही सरसकट लावला. १७व्या शतकात डच प्रजासत्ताक वेगळं राष्ट्र म्हणून उभं राहिलं, व्यापारात आणि समुद्रावर इंग्रजांचं मुख्य भांडण यांच्याशीच (१६५२ ते १६७४ मध्ये तीन युद्धं झाली), त्यामुळे शब्द हळूहळू यांनाच चिकटला. जुना अर्थ अमेरिकेत मात्र टिकलाय, 'पेन्सिल्व्हेनिया डच' म्हणतात ते लोक मूळचे जर्मनभाषिक.

आपल्या मराठीत तर डच हा शब्द नंतर इंग्रजीतून आला, त्याआधी आपण त्यांना वलंदेज म्हणायचो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (मराठेशाहीतला राज्यकारभारावरचा ग्रंथ) टोपीकरांच्या, म्हणजे युरोपियनांच्या यादीत फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज यांच्यासोबत वलंदेज आहेत. हा शब्द आला पोर्तुगीजांकडून. हॉलंडच्या माणसाला ते 'होलांदेस' लिहितात पण 'ह' उच्चारत नाहीत, म्हणजे कानावर पडतं 'ओलांदेस', आणि सुरुवातीच्या 'ओ' ला 'व' लावायची आपल्या जिभेला सवयच आहे, गावाकडे ओठाचा व्हट होतो ना, तसा ओलांदेसचा वलंदेज झाला.