हाक मारली तरच सापडणारा विषाणू

"पाठीतलं पाणी काढलं की पोरगं लंगडं हुतंय" हे कोल्हापुरात अजून ऐकू येतं. त्यापायी तापलेल्या तान्ह्या बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची, म्हणजे मेंदूज्वराची, तपासणी लांबते. बाळाचा मज्जारज्जू साधारण तिसऱ्या कंबरमणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात, म्हणून ती मज्जारज्जूला लागत नाही. टाळू फुगलीय, बाळ दूध ओढत नाही, अशा वेळी अंगारा लावत बसणं म्हणजे हातचे तास घालवणं.

त्या पाण्यात जीवाणू आहेत का, ते पेशी, साखर, कल्चर (जीवाणू वाढवून बघणं) यांवरून बरंचसं कळतं. विषाणूंसाठी पीसीआर, म्हणजे त्यांच्या जनुकीय अक्षरांच्या प्रती काढून ओळखणारी चाचणी. तान्ह्यांच्या विषाणूजन्य मेंदूज्वरात एंटेरोव्हायरस नेहमीचा, म्हणून त्याचीच चाचणी आधी होते. पण पॅरेकोव्हायरस नावाचा त्याचा भाऊबंद त्या चाचणीत दिसत नाही. त्याचे पहिले दोन प्रकार पूर्वी एकोव्हायरस २२ आणि २३ म्हणून एंटेरोव्हायरसांतच मोजले जात. बाळांना जास्त छळणारा तिसरा प्रकार १९९९ मध्ये जपानमध्ये मिळाला. त्यात पाठीच्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी बऱ्याचदा वाढतही नाहीत, त्यामुळे रिपोर्ट 'नॉर्मल' दिसतो.

पीसीआर चुकतो कुठे? विषाणूच्या आरएनएचा आधी डीएनए करतात, मग त्यावर सुमारे २० अक्षरांचे दोन प्रायमर, म्हणजे ठरावीक जागीच जुळणारे छोटे तुकडे, चिकटवतात. प्रायमरची शेवटची दोन-तीन अक्षरं जुळली नाहीत, तर प्रती काढणारं पॉलिमरेज पुढे सरकतच नाही. जुळली, तर दर फेरीला दुप्पट, ३० फेऱ्यांत शंभर कोटींवर प्रती. म्हणजे जोतिबाच्या चैत्र यात्रेत नावानं हाक मारणं: त्या नावाचा माणूसच वळून बघणार.

मेटाजीनोमिक सिक्वेन्सिंगमध्ये हाक मारत नाहीत, समोर येईल त्याची नोंद घेतात. पाण्यातल्या सगळ्या डीएनए-आरएनएचे तुकडे वाचून संगणकावर ज्ञात विषाणूंशी ताडतात. अक्षरं जुळली नाहीत तर त्यांतून बनणाऱ्या प्रथिनांची साखळी जुळवतात, कारण प्रथिनं सावकाश बदलतात आणि दूरचं नातंही तिथं सापडतं. अडचण गर्दीची. बाळाच्या एका पेशीत सुमारे ६०० कोटी अक्षरं, पॅरेकोव्हायरसच्या एका कणात जेमतेम ७,३००. शिवाय रसायनांतूनही परके तुकडे येतात, म्हणून शेजारी काहीच नसलेल्या शुद्ध पाण्याचा नमुना चालवावा लागतो. 'एका थेंबात सगळं निदान' या जाहिरातींत हे येत नाही.

पॅरेकोव्हायरसवर खास औषध नाही. तरी नाव कळलं आणि कल्चरमध्ये काही उगवलं नाही, तर शंकेपोटी चालू केलेली प्रतिजैविकं डॉक्टर थांबवू शकतात आणि बाळाच्या हातातली सलाईनची सुई लवकर निघते.