देवघरातला शाळिग्राम आणि स्पितीचा समुद्र

आमच्या कोथरूडच्या घरी देवघरात एक शाळिग्राम आहे, आजीने माहेरून आणलेला, काळा, गुळगुळीत, लिंबाएवढा, आणि त्याच्या तोंडातून आत डोकावलं की चक्र दिसतं. तुळशीच्या लग्नात नवरदेव तोच. हे चक्र वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून बनवतो असं आजी सांगायची आणि मी लहानपणी तो किडा अजून आत आहे का ते बघत बसायचो. गेल्या वर्षी हिमाचलमधल्या स्पितीला गेलो, लांग्झा गावात पोचलो, आणि तिथे पहिली आठवण या शाळिग्रामाचीच आली.

लांग्झा साधारण 4,400 मीटरवर आहे, म्हणजे अडीच कळसूबाईंपेक्षाही वर, दहा पावलं चाललं तरी धाप लागते. तिथल्या ओढ्यांत काळा भुसभुशीत खडक पसरलाय, शेल म्हणतात त्याला, नखाने पापुद्रे निघतात, आणि त्यात मुठीएवढे गोल गोटे अडकलेले असतात. होमस्टेवाल्या भाईंनी असा एक फुटलेला गोटा दाखवला. दोन फाका, एकीवर चकलीसारखा वळलेला शंख, दुसरीत त्याचाच ठसा, अगदी साच्यातून काढल्यासारखा. बोट फिरवलं की एकेक कंगोरा हाताला लागतो.

हा अ‍ॅमोनाइट. स्क्विड, ऑक्टोपस यांचा नातेवाईक, समुद्रात राहणारा. शंखात कप्पे असायचे, प्राणी सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात, आणि मागच्या कप्प्यांतल्या हवापाण्याच्या जोरावर तो तरंगायचा. मेला की शंख तळाच्या चिखलात बसायचा, भोवती खनिजं जमून गोटा तयार व्हायचा. ही गोष्ट साधारण 16 ते 14 कोटी वर्षांपूर्वीची, जेव्हा भारत आणि आशिया यांच्या मध्ये टेथिस समुद्र होता. 1860 च्या दशकात फर्डिनांड स्टोलिच्का या भूवैज्ञानिकाने इथले थर अभ्यासले आणि हा खडक स्पिती शेल म्हणूनच ओळखला जातो. याच काळातले समुद्री थर पुढे नेपाळातही आहेत, गंडकी नदी त्यातूनच गोटे घासूनपुसून खाली आणते, आणि तेच आपले शाळिग्राम. म्हणजे आजीचं अर्धं बरोबरच होतं, आत खरंच एक जीव होता!

पुणेकरांना हे नवल जास्त वाटतं कारण आपल्याकडे पर्वतीपासून सिंहगडापर्यंत सगळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात शंख कुठले सापडणार. हा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला आणि त्याच सुमाराला जगातले अ‍ॅमोनाइट संपले.

एक कळकळीचं सांगणं, तिकडे हे गोटे कुणी विकायला आणले तर प्लीज घेऊ नका. थरातून निघालेला शंख कुठल्या थरातला, किती जुना, हे मग कुणालाच नीट सांगता येत नाही.

आता समुद्राचा तळ असलेली ही जागा इतकी कोरडी का? साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा आशियाला धडकायला लागला, तळ उचलला गेला, पर्वत झाले, आणि त्याच पर्वतांनी पाऊस अडवला. आपल्याला हे वेगळं समजवायला नको, ताम्हिणीत 5-6 हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, पुण्यात 700-750 आणि बारामतीकडे त्याहून कमी. तोच पर्जन्यछायेचा खेळ, फक्त तिथे सह्याद्रीच्या जागी धौलाधार, पीर पंजाल आणि त्यामागचा हिमालय. स्पितीत जे काही पडतं ते बरंचसं बर्फ म्हणूनच.

त्यामुळे सगळं खोरं, 12 हजारांच्या आसपास माणसं, बर्फाच्या पाण्यावर जगतं. वर बर्फ वितळतं तिथून डोंगराच्या कडेने पाट खणत गावापर्यंत आणतात, त्याला कूल म्हणतात. पाणी रात्रभर गावाच्या वरच्या तळ्यात साठवायचं, सकाळी सोडायचं, आणि पाळी ठरलेली. पहिला हक्क जुन्या मोठ्या घरांचा, बाकीच्यांनी त्यांच्याकडून पाळी घ्यायची, यात अन्याय नाही असं मी म्हणणार नाही. पण पाणी मोजकं तर जमीनही मोजकी, म्हणून वाटण्याच होऊ द्यायच्या नाहीत अशी रीत पडली, जमीन थोरल्याला, धाकटे गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, भिक्षू व्हायला, आणि थोरल्याने घर हातात घेतलं की आईवडील शेजारच्या छोट्या घरात. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत वाढत वावराची पट्टी उरते, ते आठवलं. आता ही रीत सैल झालीये, शिक्षण आलं, टुरिझम आलं.

पीक वर्षातून एकच. पूर्वी सातू आणि काळा वाटाणा, सातू भाजून दळायचे आणि चहात कालवून खायचे, आपलं सातूचं पीठच की. आता हिरवा मटार जास्त, कारण खाली मैदानात सीझन नसतो तेव्हा यांचा तयार होतो आणि चांगला पैसा मिळतो. पण मटारालाही पाणी त्याच कूलचं, आणि हिवाळ्यात बर्फ कमी पडलं की पेरणीपासूनच घोर.

निघायच्या दिवशी सकाळी होमस्टेतल्या आजी पाणी सोडायला गेल्या, मी मागे मागे. त्यांनी तळ्याच्या तोंडातला दगड-चिंध्यांचा बोळा काढला, पाणी पाटात उतरलं, आणि त्या फावडं घेऊन पाण्याच्या पुढे पुढे चालत एकेक वाफा फोडत गेल्या. एका ठिकाणी बांधाला भगदाड पडलं होतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पायाशी पडलेला एक काळा गोल गोटा उचलला, भगदाडात घट्ट बसवला, वर चिखल थापला आणि पुढे गेल्या.