कांद्याची वाघीण आणि दुष्काळाचा रूळ

२०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, लासलगावहून १,६०० टन सरकारी कांदा घेऊन एक मालगाडी दिल्लीत किशनगंजला पोहोचली. लोकांनी तिला ‘कांदा एक्स्प्रेस’ म्हटलं. बेचाळीस वाघिणी (मालगाडीचे डबे), म्हणजे पन्नासहून अधिक ट्रकांचा माल. सरकारी हिशेबानं रेल्वेचा खर्च ७०.२० लाख, तोच रस्त्यानं ८४ लाख. मग एरवी बहुतेक कांदा ट्रकनं का जातो? उत्तरासाठी आधी रुळाचा इतिहास पाहू.

रूळ येण्याआधी देशावरचं धान्य लमाणांच्या तांड्यांतून हलायचं. पाठीवर गोण लादलेले शेकडो बैल, आणि मजल बैलाच्या चालीची. वाटेत चारा-पाणी असेल तिथवर तांडा जाणार. दुष्काळात नेमकं तेच आटलेलं, त्यामुळे जिथे धान्याची सगळ्यात जास्त गरज, तिथेच बैल पोहोचत नसे.

मुंबईहून सह्याद्रीच्या बोरघाटातून १८६३ मध्ये आणि थळघाटातून १८६५ मध्ये गाडी वर चढली. पण घाट फोडण्यामागे भुकेल्यांची काळजी नव्हती, वऱ्हाडच्या कापसाची ओढ होती. खामगावच्या बाजारासाठी तर जलंबहून वेगळा फाटाच टाकला.

१८७६-७८ चा दुष्काळ पडला तेव्हा सोलापूरला गाडी येऊन बरीच वर्षं झाली होती. बाहेरून धान्य आलंही. विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा मात्र नव्हता. त्याच काळात भारतातून गहू विलायतेला जातच होता. रूळ दोन्हीकडे वाहतो, आणि ओढा चढ्या भावाकडे असतो. लोकांची गाऱ्हाणी मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची हलाखी टिपून सरकारला कळवली, ती या दिवसांत. दौंड-मनमाड मार्गाचं बरंचसं मातीकाम दुष्काळी मजुरांकडून करून घेतलं. म्हणजे पोटासाठी रूळ टाकला तो उपाशी माणसांनीच. १८७८ मध्ये हा मार्ग सुरू झाला.

१८८० च्या दुष्काळ आयोगानं आणखी लोहमार्ग मागितले. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे निघाली ती दुष्काळ-निवारणाच्या नावाखालीच, पण मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची. पुण्यात रुंद रुळांची ब्रॉडगेज गाठली की हमालांनी पोतं पाठीवर घेऊन या वाघिणीतून त्या वाघिणीत टाकायचं. काही पोती फुटणार, काही धान्य सांडणार. काटकसर अशी महागात पडे.

पुढे १९६५ मध्ये अन्न महामंडळ आलं आणि पंजाबचा गहू वाघिणींतून दूरच्या राज्यांत जाऊ लागला. धान्याला हे जमतं, कारण ते गोदामात थांबू शकतं. कांद्याला धान्याइतकं थांबणं सोसत नाही, साठवणीत तो सडतो किंवा कोंब धरतो. शिवाय ट्रक थेट खळ्यावर येतो. रेल्वेसाठी माल आधी मालधक्क्यावर न्या, उतरवा, पुन्हा चढवा, आणि दिल्लीतही तेच. एका व्यापाऱ्याचा ट्रक सकाळी भरून दुपारी सुटतो. बेचाळीस वाघिणी भरतील एवढा माल एका वेळी गोळा करणं सरकारला जमलं, त्याला नाही.