टर्मिनलच्या पोटातला सांधेवाला

जळगाव-धुळ्याकडच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हा गोंधळ अधूनमधून होतोच. लिनक्सच्या काळ्या खिडकीत कुणी पोरगा चुकून फोटोच्या फाइलवर ‘कॅट’ हा फाइल पडद्यावर ओतणारा आदेश चालवतो. पडदाभर कचरा सांडतो आणि कधीकधी त्यानंतर टाइप केलेलं सगळं आडव्या-उभ्या रेघांत उमटू लागतं. लगेच बोभाटा: व्हायरस आला! लॅबच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली असली तर तीही बदलली जाते. वास्तविक रेघांकडे लक्ष न देता ‘रीसेट’ हा आदेश टाइप करून एंटर दाबलं की पडदा ताळ्यावर येतो.

पण रेघांत उमटलेला आदेश चालतो कसा? कारण आदेश पाळणारा शेल हा वेगळाच प्रोग्राम आहे. कीबोर्डवरून निघालेले बाइट, म्हणजे अक्षरांसाठीचे आकडे, त्याच्याकडे नीटच पोचतात. बिघडलेलं असतं ते फक्त दाखवणं. दाखवण्याचं काम करणारी खिडकी म्हणजे टर्मिनल इम्युलेटर, जुन्या यंत्राची नक्कल. डीईसी कंपनीने १९७८ साली व्हीटी१०० हे टर्मिनल (कॉम्प्युटरला जोडायचं पडदा-कीबोर्डचं यंत्र) आणलं, ८० रकाने आणि २४ ओळींचं. त्याच्या सांकेतिक सूचना आजच्या खिडक्याही पाळतात.

माझा जीव अडकलाय तो या सूचना वाचण्याच्या पद्धतीत. अक्षरं लाल करायची सूचना अशी: २७, ९१, ५१, ४९, १०९. म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, तीन, एक आणि शेवटी इंग्रजी एम. एरवी एम आला तर पडद्यावर एम उमटतो. इथे तोच एम सांगतो, ‘सूचना संपली, रंग बदला’. भुसावळच्या यार्डात डबा कुठल्या रुळावर जाणार हे त्याआधी सांधा कसा वळवलाय यावर ठरतं, तसंच हे. बाइट एकच, पण आधी काय आलं त्यावर त्याची वाट ठरते. याला अवस्थायंत्र म्हणतात. पॉल विल्यम्स यांनी डीईसीच्या टर्मिनलांसाठी अशा १४ अवस्थांचा नकाशा मांडला, आणि आजचे कितीतरी प्रोग्राम त्यावरच बेतलेले आहेत.

खरी गंमत कडेकपारीत आहे. सूचना अर्धीच आली आणि उरलेली थोड्या वेळाने? चालेल, अवस्था लक्षात आहे. आकडे वाचताना मध्येच १० म्हणजे ‘नवी ओळ’ घुसली? ओळ तिथल्या तिथे बदलायची आणि आकडे पुढे वाचत राहायचे! २४ आला तर सूचना रद्द. २७ आला तर जुनी सोडून नवी सुरू. फोटोच्या फाइलमध्ये २७, ४०, ४८ हे योगायोगाने लागोपाठ आले की रेघांचा संच चालू होतो: क्यू म्हणजे आडवी रेघ, एक्स म्हणजे उभी. लॅबमधला ‘व्हायरस’ तो हाच.

एवढी पथ्यं प्रत्येकाने नव्याने सांभाळायची म्हणजे छळच. म्हणून हे काम करणारे तयार घटक असतात, दुसऱ्या प्रोग्रामांत बसवता येणारे. व्हीटीई हा घटक गनोम टर्मिनल आणि एक्सएफसीई टर्मिनल दोघांच्याही पोटात आहे, लिबव्हीटर्म निओव्हिममध्ये, एक्सटर्म-जेएस व्हीएस कोडमध्ये (हे दोन्ही कोड लिहायचे संपादक). लिबव्हीटर्म तर पडद्यावर एक ठिपकाही स्वतः काढत नाही. ‘या रकान्यात हे अक्षर, या रंगात’ एवढंच सांगतो, रंगवायचं काम बाहेरच्या प्रोग्रामचं. ‘स्वतःचा टर्मिनल एका रात्रीत बनवा’ म्हणणाऱ्या व्हिडिओंत बहुधा असाच घटक बसवून वर रंगरंगोटी केलेली असते. त्यात गैर काही नाही, फक्त तसं सांगावं.

मराठीपाशी मात्र हे घटक अडखळतात. नंदुरबार लिहायला ८ संकेतांक (अक्षर, काना, मात्रा यांचे युनिकोड क्रमांक) लागतात, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत २४ बाइट. रकाने साधारण सहा, कारण अनुस्वार आणि उकार यांना जागा शून्य धरली जाते, कान्याला एक. इथवर ठीक. पण ‘जिल्हा’मधली पहिली वेलांटी साठवली जाते ज-नंतर आणि काढायची असते ज-च्या आधी, दुसऱ्या रकान्यातून पहिल्यात उडी मारून! एकेक रकाना सुटा रंगवणाऱ्या टर्मिनलला ते जमत नाही, आणि ‘ल्हा’ तर दोन चौकटींत फाटतं. कॉलेजच्या प्रकल्पाला विषय शोधणाऱ्यांनी नवा टर्मिनल लिहिण्यापेक्षा रकान्यांचा हा हिशोब हाती घ्यावा. व्हीटीईत एक दुरुस्ती झाली की त्यावर चालणाऱ्या सगळ्या खिडक्यांत ‘जिल्हा’ सुधारेल.